आपली मुलूखगिरी

माघी गणपतीच्या दिवशी मंडळात चार स्नेही जमले असता मी सहज सांगितले की, यंदा चैत्रात आम्ही उभयता मोटारीने छोट्या रणात जाणार, तेथून धोलावीरा, खावडा, बन्नी आणि नलिया करून परतणार. सहा दिवस, दीड हजार किलोमीटरच्या आसपास. क्षणभर शांतता पसरली. मग आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ सभासदांनी, ज्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, चष्मा काढून विचारले, "ऐन उन्हाळ्यात? आणि त्या ओसाडीत पाहायचे तरी काय?" बाकीचे हसले. कोणी सुचवले, "जायचेच तर डिसेंबरात जा, तंबूंची झकास सोय असते." दुसरे म्हणाले, "त्यापेक्षा कान्ह्याला जा, वाघ तरी दिसेल."

त्या वेळी मी काही बोललो नाही. आता जाऊन आलो आहे, आणि या अंकाच्या निमित्ताने उत्तर देत आहे. उत्तर कडू वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी. परंतु ते केवळ त्या स्नेह्यांना नाही, मलाही आहे. 'ओसाड' हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. त्या शब्दाची किंमत मात्र दुसरेच कोणी चुकवीत असते, एवढेच मला सांगायचे आहे.

प्रथम आपल्याच एका शब्दाकडे पाहू. प्रवासाला निघालेल्या माणसाला आपण कौतुकाने विचारतो, "काय, यंदा मुलूखगिरी कुठे?" आज या शब्दाचा अर्थ हौसेची भटकंती असा झाला आहे. आपल्या पूर्वजांना तो तसा ठाऊक नव्हता. अठराव्या शतकात पेशव्यांच्या आणि गायकवाडांच्या फौजा पिके हाती येण्याच्या सुमारास काठियावाडात उतरत आणि ठिकठिकाणच्या ठाकुरांकडून खंडणी वसूल करीत. खंडणी न मिळाल्यास उभे पीक जाळीत. त्या स्वारीचे नाव मुलूखगिरी. १८०७ साली कर्नल वॉकर यांच्या मध्यस्थीने खंडणीचे आकडे कायम ठरले आणि वर्षावर्षाच्या स्वाऱ्या थांबल्या. आपली घराणी या प्रांतात येऊन स्थिरावली ती याच इतिहासाच्या मागोमाग. त्याबद्दल छाती पिटण्याचे कारण नाही. परंतु शब्दाचा अर्थ बदलला म्हणून वृत्तीही बदलली, असे समजण्याचे कारण नाही. मुलखात घुसायचे, हवे ते उचलायचे आणि ज्याच्याकडून उचलले त्याचे नावही न विचारता घरी परतायचे, ही रीत आपण सोडलेली नाही. पूर्वी रुपये उचलीत होतो, आता छायाचित्रे उचलतो.

मी स्वतः उचलली आहेत. सुमारे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन कुटुंबे एक जीप ठरवून छोट्या रणात गेलो होतो. रानगाढवांचा, म्हणजे तिकडच्या भाषेत घुडखरांचा, एक कळप दिसला. आम्हांला पळतानाचे छायाचित्र हवे होते. चालकाला आम्ही सांगितले आणि त्याने जीप कळपामागे घातली. जमीन तळहातासारखी सपाट. कळप ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने उधळला. एका मादीबरोबर त्या पावसाळ्यात जन्मलेले शिंगरू होते. ते मागे पडू लागले, तशी ती मादी वळून वळून पाहू लागली. आम्ही टाळ्या वाजवल्या. छायाचित्र उत्तम आले. परवापर्यंत ते आमच्या दिवाणखान्यात टांगलेले होते आणि पाहुण्यांना मी अभिमानाने दाखवीत असे. त्या वर्षी आमच्यापैकी कोणीही कोणत्याही अगरियाशी एक शब्द बोलले नाही. परतल्यावर मीच मंडळात सांगितले होते, "जनावर सुरेख, बाकी सगळे ओसाड."

आता त्या 'बाकी सगळ्या'कडे वळतो.

छोटे रण सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरांचे आहे आणि त्यातील ४,९५३ चौरस किलोमीटरांवर १९७३ पासून घुडखर अभयारण्य आहे. समुद्रसपाटीहून ही भूमी किंचितच उंच. पावसाळ्यात बनास, रूपेण, सरस्वती, मच्छू या नद्यांचे गोडे पाणी एका अंगाने आणि सुरजबारीच्या खाडीतून आखाताचे खारे पाणी दुसऱ्या अंगाने आत शिरते. सारे रण उथळ सरोवर होते. त्यात उरतात ती सत्तरांवर बेटे. तिकडेही त्यांना बेटेच म्हणतात. त्या मचूळ पाण्यात कोळंबीची पिल्ले वाढतात आणि श्रावण-भाद्रपदात मच्छीमार तेथे जाळी लावतात. पाणी ओसरले की आश्विनात अगरिये कुटुंबकबिल्यासह रणात उतरतात, विहिरी खणून जमिनीच्या पोटातले तीव्र खारे पाणी वर काढतात आणि पुढले सात-आठ महिने मिठागरे राखतात. त्याच सुमारास उत्तरेकडून क्रौंच आणि करकोचे येतात. उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे राहतात. बेटांवरच्या गवतावर आणि खारट झुडपांवर घुडखर, चिंकारा, नीलगाय जगतात. त्यांच्या आसपास लांडगा आणि खोकड. म्हणजे एकच जमीन श्रावणात कोळंबी देते, चैत्रात मीठ देते, हिवाळ्यात अर्ध्या आशियाच्या पाखरांना आसरा देते आणि बारा महिने रानगाढव पोसते. आपल्या चरोतरच्या शेताला तरी वर्षाकाठी एवढी पिके घेता येतात काय? आणि ओसाड मात्र हिला म्हणायचे.

उन्हाविषयी. ऊन होते, हे खरे. अकरा वाजल्यानंतर क्षितिज वितळू लागे. समोर पाणी असल्याचा भास होई आणि त्या पाण्यात घुडखर पाय बुडवून उभे असल्यासारखे दिसत. आम्ही पहाटे पाचला निघत असू, दहाला सावली गाठत असू आणि चार वाजता पुन्हा बाहेर पडत असू. साठी उलटलेल्यांनी काळजी घ्यावी, याविषयी दुमत नाही. परंतु डिसेंबरात जाऊन रण पाहिले असे म्हणणे म्हणजे शेत पेरणीला पाहून पीक पाहिल्याचा आव आणण्यासारखे आहे. मिठाची काढणी होते ती फाल्गुन-चैत्रात. ऊन नसेल तर मीठ नाही. आपल्या ताटातल्या चिमूटभर मिठात तेच ऊन साठलेले असते, हे मला ती भूमी तापलेली पाहिल्यावाचून कळले नसते.

एका मिठागरावर आम्ही तासभर बसलो. घरची बाई लाकडी दाताळ्याने मीठ ओढत होती. आम्हांला पाहून तिने काम थांबवले, झोपडीतून खाट बाहेर काढली आणि चहा ठेवला. तेथे गोडे पाणी टँकरने येते आणि किती दिवसांनी येईल याचा नेम नसतो. त्या पाण्यातला चहा होता. तिने माझ्या पत्नीला विचारले, "बेन, तमे अहीं शुं जोवा आव्यां?" तिच्या प्रश्नाचे शब्द आमच्या ज्येष्ठ स्नेह्यांचेच होते, पण सूर निराळा होता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. पत्नी म्हणाली, "मीठ कसे होते ते पाहायला." ती हसली आणि म्हणाली की, इथे येणारे सगळे गाढवे पाहायला येतात, मीठ पाहायला आलेले आपण पहिलेच. ती हसून बोलली खरी, परंतु पुढे बराच वेळ मी काही बोलू शकलो नाही.

भारतातील सुमारे तीन चतुर्थांश मीठ गुजरातेत पिकते. त्यात छोट्या रणाचा वाटा मोठा आहे. आपण किलोभर मिठाला दुकानात वीस-पंचवीस रुपये मोजतो. अगरियाच्या हाती किलोमागे रुपयाच्याही आतच पडते. अगरियांविषयी एक गोष्ट प्रत्येक मार्गदर्शक प्रवाशांना सांगतो: आयुष्यभर मिठात राहून त्यांचे पाय इतके कठीण होतात की चितेवरही जळत नाहीत. प्रवासी हळहळतात आणि पुढच्या बेटाकडे जातात. हळहळणे सोपे असते. त्याच मार्गदर्शकाला आपण हे मात्र विचारीत नाही की, ज्या जमिनीवर हे लोक पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवतात तिच्या कागदावर कोणाचे नाव आहे? उत्तर ऐकण्यासारखे आहे. छोट्या रणाची महसुली मोजणी कधी झालीच नव्हती. सरकारदरबारी ते 'सर्व्हे नंबर शून्य' म्हणून ओळखले जाते. जमीन शून्य, तर तिच्यावरचा माणूसही शून्य. अभयारण्य जाहीर झाल्यावर हक्कनिश्चितीचा प्रश्न निघाला आणि ज्यांच्या आजोबांनीही तेथे मीठ पिकवले होते त्यांच्याकडे पुरावा मागण्यात आला. नर्मदेच्या कालव्याने आपल्या बडोद्याच्या आसपासची शेती हिरवी झाली; परंतु त्याच कालव्याचे जादा पाणी रणात उतरून तयार मिठागरे बुडाल्याच्या तक्रारी वारंवार येतात. पाणी सोडायला जागा हवी; मग ओसाड जागा आहेच की.

कोकणातला आगरी आणि रणातला अगरिया ही दोन्ही नावे एकाच 'आगर' शब्दातून आली आहेत, हे आपल्यासारख्या भाषाप्रेमी मंडळींना सांगावे लागू नये. आगर म्हणजे भांडार, खाण. ज्या शब्दाने आपली भाषा त्या भूमीला भांडार म्हणते, तो विसरून आपण तिला ओसाड म्हणू लागलो.

कोणी म्हणेल, शब्दाने काय बिघडते? बिघडते. इंग्रजी महसूलपद्धतीत जी जमीन सारा देत नाही ती पडीक. हा हिशेबाचा शब्द होता, निसर्गाचा नव्हता; परंतु तो स्वातंत्र्यानंतरही तसाच राहिला. केंद्र सरकार पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध करते. त्याच्या २०१९ च्या आवृत्तीप्रमाणे देशाचा सुमारे १७ टक्के भूभाग, म्हणजे साडेपाच कोटी हेक्टरांहून अधिक जमीन पडीक आहे. त्यात खारवट जमिनी येतात, वाळूचे प्रदेश येतात, झुडपी माळ येतात, चराऊ कुरणे येतात. इतकेच काय, हिमालयावरचा बर्फही त्यातच मोजलेला आहे. ज्याला गंगा म्हणून हात जोडायचे तिचे उगमस्थानही पडीक!

या एका शब्दाने बन्नीचे काय झाले ते आम्ही पुढल्या टप्प्यात पाहिले. धोलावीरा पाहून पांढऱ्या रणातून गेलेल्या नव्या रस्त्याने आम्ही खावड्याला आलो आणि तेथून बन्नीत उतरलो. बन्नी हे सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरांचे गवताळ कुरण. मालधारी तेथे शतकानुशतके गुरे राखतात. त्यांच्या म्हशी रात्री आपल्या आपण चरायला जातात आणि पहाटे आपल्या आपण परततात. २०१० साली बन्नी म्हैस ही स्वतंत्र जात म्हणून मान्य झाली. परंतु १९६०-६१ च्या सुमारास रण पुढे सरकते आहे या भीतीने तेथे परदेशी बाभळीची लागवड झाली. हेतू चांगलाच होता: 'उजाड' जागा हिरवी करायची. त्या बाभळीला तिकडे 'गांडो बावळ' म्हणतात, आपण वेडी बाभूळ म्हणतो. गुरे तिच्या गोड शेंगा खातात, बी शेणावाटे पसरते, आणि जेथे ती रुजते तेथे गवत मरते. आज मैलोन्‌मैल तीच दिसते. मोटारीतून पाहणाऱ्याला वाटते, काय हिरवेगार! आमच्या सोबतच्या मालधाऱ्याने त्या हिरव्या भिंतीकडे बोट दाखवून सांगितले की, त्याच्या वडिलांच्या काळी येथून पलीकडच्या गावचा दिवा दिसत असे. हिरवे म्हणजे जिवंत आणि पिवळे म्हणजे मेलेले, हे आपण कोकणाच्या आठवणींतून शिकलो असू; गवताळ मुलखाला ते लागू पडत नाही. २०२१ साली राष्ट्रीय हरित लवादाने बन्नीतील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला आणि मालधाऱ्यांचा त्या भूमीवरील अधिकार मान्य केला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

शेवटचा टप्पा नलियाचा. तेथले माळरान हा माळढोकाचा मुलूख. दहा-पंधरा किलो वजनाचा हा पक्षी उडताना समोरचे नीट पाहू शकत नाही. विजेची तार दिसते तोवर वळण्याइतका अवधी उरत नाही. पवनचक्क्या आणि त्यांच्या तारा माळावर आल्या, कारण माळ मोकळा होता. २०१८ च्या सुमारास तेथला शेवटचा नर दिसेनासा झाला आणि मागे मोजक्या माद्या उरल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ साली तो बराचसा शिथिल झाला. आम्हांला माळढोक दिसला नाही. दिसला असता तर मी येथे फुशारकीने लिहिलेही असते, हे कबूल करतो. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. आज तेथे माळढोक दिसणे ही वृत्तपत्रात छापण्याजोगी बातमी झाली आहे. तेव्हा हा दोष केवळ गुजरातेचा नाही. महाराष्ट्रातली गायरानेही अशीच गेली.

येथे एक आक्षेप रास्त आहे. देशाला वीज नको काय? कोळसा जाळून तिसऱ्याच पिढीचे वाटोळे करायचे काय? खावड्याजवळ ७२,६०० हेक्टरांवर तीस गिगावॉटचा सौर आणि पवनऊर्जेचा प्रकल्प उभा राहतो आहे. तो चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. सूर्य आणि वारा वापरलाच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच की, जागा निवडताना 'ती तर ओसाडच आहे' हा युक्तिवाद पुरेसा मानू नये. आधी मोजावे, तेथे कोण चरते, कोण घरटे करते, कोण मीठ पिकवते, आणि मग ठरवावे. आपल्या घराशेजारची आंबराई तोडायची म्हटले तर आपण मोर्चा काढतो. माळाला तेवढाही वकील मिळत नाही, कारण सुशिक्षित मध्यमवर्गाने, म्हणजे आपण, त्याला कधी काही मानलेलेच नाही.

दुसरा आक्षेप असा की, प्रवाशाने काय करावे? तो तर चार दिवसांचा पाहुणा. परंतु पाहुण्याच्या मागणीवरच मुलूख घडतो. आपण धावते घुडखर मागतो म्हणून जिपा धावतात. आपण वाघच मागतो म्हणून माळाला कोणी जपत नाही. ग्वाल्हेरच्या वाचकांनी सप्टेंबर २०२२ मध्ये कुनोत आफ्रिकेतून चित्ते आल्याचा सोहळा जवळून पाहिला. ज्या प्राण्याला १९५२ साली आपण देशातून नामशेष झाल्याचे जाहीर केले, तो माळावरचा प्राणी. बडोदे, कोल्हापूर, भावनगर या संस्थानांत पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार करीत, याचे कौतुक आपल्या घरांतून अजून ऐकू येते. चित्ता विमानाने आणता येतो. माळ मात्र कोठून आणणार?

आणि प्रयत्न केला तर परिणाम होतो, याचा पुरावाही त्याच रणात आहे. १९६० च्या आगेमागे सुर्रा नावाच्या, चावऱ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या रोगाने आणि इतर साथींनी घुडखर पटापट मेले. १९६९ च्या गणनेत केवळ ३६२ उरले होते. २०२४ च्या गणनेत ते ७,६७२ भरले. हे श्रेय वनखात्याचे आहे, तसेच त्या रणात घुडखरांच्या सोबतीने राहणाऱ्या, शेतात शिरलेल्या जनावराचे नुकसान सोसणाऱ्या गावकऱ्यांचेही आहे. आपला त्यात काडीचाही वाटा नाही.

आपल्या परंपरेत निराळे प्रवासीही होऊन गेले. साताऱ्याचे काकासाहेब कालेलकर हिमालय पायी हिंडले, तो प्रवास गुजरातीत लिहिला, आणि 'सवाई गुजराती' ठरले. विष्णुभट गोडसे यजमानकृत्याची दक्षिणा मिळावी म्हणून घर सोडून निघाले आणि सत्तावनच्या वणव्यात सापडले. परंतु वाटेत कोण भेटले, काय खाल्ले, कोणी आसरा दिला हे विसरले नाहीत, म्हणून 'माझा प्रवास' आजही वाचवतो. दोघेही मुलूखगिरीला निघाले नव्हते.

म्हणून मंडळापुढे माझा एक साधा प्रस्ताव आहे. आपली वार्षिक सहल यंदा पुन्हा डिसेंबरच्या तंबूंत नेऊ नये. ज्यांना प्रकृती साथ देते त्यांनी फाल्गुनाच्या अखेरीस छोट्या रणात दोन दिवस काढावेत. एक दिवस घुडखरांसाठी आणि एक मिठागरांसाठी. वाहन ठरवतानाच चालकाला बजावावे की, कळपामागे गाडी घालायची नाही. पिण्याचे पाणी आपले आपण न्यावे, आणि थोडे जास्त न्यावे. परतल्यावर या अंकात जे प्रवासवर्णन छापायचे त्यात किती जनावरे दिसली याच्या आधी कोणाच्या घरी चहा घेतला ते लिहावे. ज्येष्ठ स्नेह्यांना मी स्वतः आग्रहाचे निमंत्रण देत आहे. गाडीत पुढची जागा त्यांची.

दिवाणखान्यातले ते छायाचित्र मी उतरवले आहे. भिंतीवर त्याचा फिकट चौकोन उमटला आहे. पाहुणे विचारतात, तेव्हा त्या शिंगराची गोष्ट सांगतो. ती सांगायला अजूनही जड जाते.